दाद न देणारी संख्या

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी मी खराडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघतो, तेव्हा चौथ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ बाकावर बसून भागाकार करत असतात. एक नऊ आकडी संख्या; तिला रोज दहा मूळ संख्यांनी भागायचं, पेन्सिलीने, कॅल्क्युलेटरशिवाय. कशानेच भाग गेला नाही, तर तीही मूळ.

"कुठवर आलं?" मी रोज विचारायचो.

"अजून दाद देत नाही," ते खुशीत सांगायचे.

एकदा ऑफिसात मी ती संख्या कॉम्प्युटरमध्ये घातली. क्षणात उत्तर आलं. भाग जात होता. पण ज्या संख्येने जात होता, तिथे पोचायला त्यांना अजून सहा महिने लागणार होते. मी गप्प राहिलो.

काल त्यांनी वही माझ्यापुढे धरली. बाकी शून्य.

"अरे वा!" मी म्हणालो.

"राहू द्या हो. तुम्हाला ठाऊक होतं."

"कशावरून?"

"विचारायचं बंद केलंत. मूळ निघाली असती, तर धावत सांगायला आला असतात."

"मग तेव्हाच थांबला का नाहीत?"

त्यांनी पेन्सिल खिशाला लावली.

"कशाने भाग जातो, ते कुठे सांगितलंत?"