मोहाखालच्या साड्या

आई पुढच्या महिन्यात दादाकडे पुण्याला कायमची राहायला जाणार. म्हणून मी विचारलं, "जायच्या आधी तुझी टेकडी पाहून येऊ?" धमतरी जिल्ह्यातल्या नगरीच्या पुढे एका गावात आजोबा शाळामास्तर होते, आईचं बालपण तिथलंच. गावामागच्या टेकडीवरचं जंगल तिच्या डोळ्यांदेखत तोडलं गेलं.

"मले ती बोडकी टेकडी नाही पाहाची," आई म्हणाली. पण सकाळी रायपूरच्या तात्यापाऱ्यातून गाडी निघाली, तेव्हा पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन तीच बसली होती.

या वाटेनं गेलात तर अभनपूरला गरम चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टमाटरची चटणी नक्की खा. पेट्रोल धमतरीलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. नगरी जवळ आली तशी दोन्ही बाजूंनी उंच सालवृक्ष रस्त्यावर झुकू लागले. एरवी माझ्या ड्रायव्हिंगवर अखंड बोलणारी आई काच खाली करून बाहेर बघू लागली. मी गाडी आणखी हळू घेतली.

मुक्काम बिसाहिनमावशीकडे, म्हणजे आईच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिच्यासोबत टेकडीवर निघालो. (मोह खायला अस्वलंही येतात. गावचं माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नका.) बघतो तर मोहाच्या झाडांखाली लाल, निळ्या, फुलाफुलांच्या साड्या ताणून बांधलेल्या.

"काहून गं, लग्न होऊन राहिलं का कोणाचं?" आई म्हणाली.

मावशी खळखळून हसली. "हव, महुआ के बिहाव हे! पहिली हमन पत्ता मन ला बार देत रहेन."

मोहाचंच लग्न म्हणे! फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पूर्वी झाडाखालचा पाचोळा पेटवायचे. त्यात नवी रोपंही जळायची. मग गावानं आग बंद केली आणि जुन्या साड्या बांधल्या. हळूहळू तोडलेल्या सालांच्या खोडांतूनही धुमारे वर आले.

टप्, टप्. पिवळसर फुलं साड्यांत पडत होती. गोड, जडसर वासानं मला स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. आई मात्र उदासच.

"झाडं आहेत, पण माझी टेकडी नाही वाटून राहिली. वर शेकरू पळायचे आमच्या."

शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याला फांदीला लागून फांदी हवी. तोडल्यावर नव्यानं वाढलेल्या या झाडांकडून, मला वाटलं, आई जरा जास्तच मागतेय.

तेवढ्यात वर पानं हलली. तांबूस, लांब शेपटीची मोठी खार एका सालावरून दुसऱ्यावर, तिथून साजाच्या झाडावर, असं करत अख्खा उतार ओलांडून गेली. एकदाही खाली उतरली नाही.

आईनं मैत्रिणीचा हात घट्ट धरला. "जुळल्या गं फांद्या," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले.

रायपूरला परतल्यावर तिनं पुण्यासाठी भरलेली बॅग पुन्हा उघडली आणि लग्नातली हिरवी साडी माझ्या हातात ठेवली.

"बिसाहिनले नेऊन दे. महुआखाली बांधाले."

"अगं, लग्नातली?"

"पुण्यात नेसून कुठं जाणार मी? टेकडीवर फुलं तरी पडतील हिच्यात."