गावातला दुसरा नंबर

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, पायाला भिंगरी असलेल्या पोरीनं नोकरी मात्र खुर्चीतली धरली. नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि लातूरला नोकरीला लागले, त्याला पाचवं वर्ष चालू आहे. ट्यूशन एरियात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही चौघं आणि सर. सर म्हणजे मालक. उदगीरच्या आडत व्यापाऱ्यांच्या घरातले, पण गादीवर बसायचा कंटाळा म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आले आणि इथंही दिवसभर गादीवर बसल्यासारखेच बसतात. शिकवणीवर्गांसाठी आम्ही हजेरीचं ॲप करतो. पोरानं वर्गाच्या दारात अंगठा लावला की गावाकडं बापाच्या मोबाईलवर मेसेज जातो, पाल्य हजर. नाही लावला तर, पाल्य गैरहजर. लातूरला लेकरं ठेवलेल्या घरांत हा मेसेज बघितल्याशिवाय दुपारची भाकरी गोड लागत नाही.

माझं काम या ॲपमध्ये कुठं भोक आहे का ते शोधायचं. मोबाईलवर दिसतं ते नुसतं तोंड असतं, खरं काम मागच्या सर्व्हरवर चालतं. तिथं प्रत्येक कामाची वेगळी खिडकी असते: हजेरी नोंदवायची एक, मार्क दाखवायची एक, मेसेज पाठवायची एक. मोबाईल त्या खिडकीत चिठ्ठी देतो आणि उत्तर घेऊन येतो. या खिडक्यांना आमच्यात एपीआय म्हणतात. कुठली खिडकी भलत्याच माणसाला भलतंच काही देते का, हे हातानं तपासायला बसलं तर महिना जाईल. म्हणून एक टूल असतं. त्याला खिडक्यांची यादी दिली की ते आपणच हजारो चिठ्ठ्या बनवतं. दुसऱ्याच्या पोराचा नंबर टाकून बघतं, उद्याची तारीख टाकतं, गेल्या महिन्याची टाकतं, आकड्याच्या जागी अक्षरं टाकतं, सही न करताच चिठ्ठी सरकवतं. जिथं नको ते उत्तर मिळालं तिथं लाल खूण करतं. खाजवून खरूज काढायचा त्याचा स्वभाव मला पहिल्या दिवसापासून आवडला, कारण तो माझाच आहे.

हे टूल चालू ॲपवर सोडायचं नसतं. ॲपची नक्कल करायची, नकलेत खोटी नावं भरायची आणि तिच्यावर सोडायचं. आम्ही खोटी नावं भरायचा आळस करायचो. खरा डेटा असल्याशिवाय खऱ्या चुका सापडत नाहीत, असं सरांचं म्हणणं, आणि ते मलाही सोयीचं होतं. फक्त पालकांचे मोबाईल नंबर बदलायचे, की झालं. फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी सकाळी मी पालकांच्या नंबरच्या रकान्यात सगळीकडं शून्यं भरली आणि टूल सोडून चहाला खाली उतरले.

घोडं पेंड खातं ते इथंच. आमच्या फॉर्ममध्ये आणखी एक रकाना आहे, बाहेरच्या ॲपांत तो मी अजून पाहिलेला नाही: गावातला दुसरा नंबर. बाप दिवसभर शेतात असतो, डोंगराच्या अंगाला रेंज नसते, म्हणून इकडचे लोक किराणा दुकानदाराचा नाहीतर मास्तरांचा नंबर देऊन ठेवतात. बापाला मेसेज पोचला नाही तर तो आपोआप दुसऱ्या नंबरवर जातो. ही युक्ती मीच काढलेली, आणि तिच्याबद्दल मी चारचौघांत मिरवतही असे. त्या सकाळी मात्र पहिला रकाना पुसला आणि दुसरा विसरले. शून्य नंबरला मेसेज पोचणार कसा? टूल चिठ्ठी टाकत होतं, पहिला नंबर लागत नव्हता आणि प्रत्येक मेसेज गावातल्या दुसऱ्या नंबरवर जात होता. मेसेज पाठवायची खरी सोय नकलेलाही जोडलेलीच होती, ती तोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चहा पिऊन आले तर मेसेजच्या खिडकीवर लाल खूण. मागणारा कोण हे न विचारताच ही खिडकी कुणाच्याही नावानं मेसेज पाठवते, असं टूलनं लिहिलं होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मी शेजारच्या टेबलावरच्या पोरीला टाळी दिली. दहा मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजला आणि मग तो संध्याकाळपर्यंत खाली ठेवता आला नाही. किल्लारीहून एक मास्तर विचारत होते, आमच्या गावची तिन्ही पोरं वर्गातून एकदम कुठं गेली? टूलनं तारखा बदलून बदलून चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यामुळे एकेका पोराच्या नावानं गैरहजरचे दहा-दहा, पंधरा-पंधरा मेसेज गेले होते, प्रत्येकावर वेगळी तारीख.

सर म्हणाले, नेटवर्कचा प्रॉब्लेम म्हणून सांगा. मग त्यांनी दिलगिरीचा एक मेसेज सगळ्या पालकांना पाठवायला लावला, तोही पहिल्या नंबरवर. ज्यांना चुकीचं काही गेलंच नव्हतं त्यांची माफी मागून झाली. मी म्हटलं, ज्यांना गेलं त्यांना पाठवा. ते म्हणाले, खामखा गावोगाव बोभाटा कशाला. मी आवाज चढवला, त्यांनी चढवला आणि अखेर चार वाजता तो मेसेज दुसऱ्या नंबरांवरही गेला. ‘तांत्रिक कारणामुळे’ एवढंच त्यात होतं. बैल गेला आणि झोपा केला.

त्याआधी तीनच्या सुमारास एक मुलगी जिना चढून आली होती. बारावीची, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी, गळ्यात वर्गाचं ओळखपत्र. इस्लापूरच्या पुढं तिचं गाव. गावातून लातूरला शिकायला आलेली ती पहिली मुलगी, हे मला नंतर कळलं. तिच्या गावच्या दुकानदाराला चौदा मेसेज गेले होते. ती चौदा दिवस वर्गात नाही, असं सकाळीच गावभर झालं होतं आणि तिचा थोरला चुलता तिला न्यायला निघाला होता. ती रडत नव्हती. म्हणाली, ‘ताई, मी आत्ता वर्गातूनच आले. तुमच्याकडंच लिहिलेलं असंल की.’ मी चुलत्याला फोन लावला, तो लागला नाही. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी बघते. हे वाक्य आठवलं की आजही मला माझाच राग येतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्टेलवर गेले तेव्हा तिची कॉट रिकामी होती. तिथल्या मावशी म्हणाल्या, चुलता पहाटेच्या गाडीनं पेटीसकट घेऊन गेला.

तिच्या वडिलांचा फोन लागायला दुपार झाली. मी सगळं सांगितलं. चूक माझी, नेटवर्कची नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, ‘मला पटलं, ताई. पण मला कुठं आला व्हता मेसेज? दुकानात आला. माझ्या पटण्यानं काय व्हतंय?’ थोरल्या भावानं पोरीला लातूरला पाठवायला हो म्हणताना अटच घातली होती. एक दिवस जरी वर्ग बुडाल्याचं कळलं तर त्या दिवशी परत आणीन. आता तर चौदा दिवसांचं कळलं होतं आणि हिमायतनगरकडच्या एका स्थळाची बोलणी घरात सुरू झाली होती. परीक्षा मे महिन्यात. मी म्हटलं, उद्या मी येते आणि दुकानात सांगते.

सरांना रजा मागितली नाही, नुसतं कळवलं. संध्याकाळच्या बसनं नांदेडला निघाले. अहमदपूर, लोहा, खिडकीशी बसूनही बाहेर काय होतं ते आठवत नाही. मनात एकच चाललं होतं, काय बोलायचं, कुणाशी आधी बोलायचं. घरी आईनं ताट वाढलं. एवढ्यासाठी एवढ्या लांब जायचं होय, असं म्हणून परत तीच म्हणाली की जायलाच पाहिजे, पाप आहे. जेवता जेवता मी मोबाईलवर मुलीची खरी हजेरी उघडली. दुकानात वाचून दाखवायची म्हणून जूनपासून एकेक दिवस बघत आले. हजर, हजर, हजर. जानेवारीच्या मध्यावर एका मंगळवारी थांबले. त्या दिवशी गैरहजर होती. टूलचं नव्हे, खरंखुरं. आख्खा दिवस अंगठा नाही. बुधवारी परत हजर.

सकाळच्या गाडीनं इस्लापूर गाठलं. तिथून पुढं जीप. जीपवाल्याला वाटलं मी सहस्रकुंडचा धबधबा बघायला निघाले. म्हणाला, आता पाणी न्हाई, पावसाळ्यात यायचं. वाटभर मी त्या मंगळवारशी भांडत होते. खरं सांगायला निघाले होते तर सगळं खरं सांगायला हवं. आणि सगळं खरं सांगितलं तर पोरीचं शिक्षण माझ्याच तोंडानं संपणार. आजारी असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग म्हटलं, तुला काय ठाऊक?

दुकानापुढच्या बाकावर सात-आठ माणसं होती. थोरला चुलता मधे बसला होता, पांढरं धोतर, हातात मोबाईल नाही. मुलीचे वडील एका बाजूला उभे. मुलगी नव्हती, तिला घरात ठेवलं होतं. दुकानदार भला माणूस, त्यानं मला खुर्ची दिली आणि चौदा मेसेज उघडून दाखवले, एकही पुसला नव्हता. मी उभ्यानंच बोलले. हे मेसेज पोरीमुळे आले नाहीत, माझ्यामुळे आले. आम्ही ॲपची तपासणी करत होतो, ती करणाऱ्या टूलनं मनानंच तारखा टाकल्या, आणि तुमचा नंबर पुसायचा मी विसरले. एकानं विचारलं, मनानं म्हंजे? मी म्हटलं, त्याचं कामच ते, खोटी चिठ्ठी देऊन बघायचं की कुणी फसतं का. तो म्हणाला, फसलो की आमी. लोक हसले. मला बरं वाटलं, चुलता मात्र हसला नाही.

मग मी मोबाईल काढून खरी हजेरी वाचायला लागले. दिवस, तारीख, हजर. दिवस, तारीख, हजर. जानेवारी आला तसा माझा आवाज मलाच परका वाटायला लागला. सोमवार हजर म्हणाले आणि पुढचं बुधवारचं वाचलं. कुणाच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी भोक बघितलं आणि बोटानं झाकलं. मला लाज वाटली, आणि तरी मी तसंच वाचत शेवटपर्यंत गेले.

चुलत्यानं सगळं ऐकलं. तो तापट होता, पण मूर्ख नव्हता. म्हणाला, ‘याच मिशिनीनं खोटं लिवलं न्हवं? आन आता हिचंच खरं धरायचं व्हय?’ एवढी वर्षं मी त्या टूलचे रिपोर्ट लिहितेय, पण एवढा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तेव्हा मुलीचे वडील बोलले. ‘मिशिनीचं ऱ्हाऊ द्या, दादा. मला रोज मेसेज येतो. शेतातून आलो की पैल्यांदा त्योच बघतो मी. जूनपासून एकबी दिवस चुकली न्हाई ती.’ खिशातला साधा मोबाईल त्यांनी वर करून दाखवला. चुलत्यानं तो हातात घेतला नाही. सख्खा भाऊ चारचौघांत बोलतोय म्हटल्यावर त्याचा मोबाईल तपासणं थोरल्याला शोभलं नसतं. तो उठला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, जाऊ द्या पोरीला, परीक्षा तेवढी होऊ द्या. दुकानदारानं सगळ्यांसमोर ते चौदा मेसेज एकेक करून पुसले.

मी तिथंच उभी होते आणि माझ्या डोक्यात आता कुठं हिशेब लागत होता. त्या मंगळवारी नक्कल नव्हती, शून्यं नव्हती. खरं ॲप चालू होतं. गैरहजरचा मेसेज बापाच्याच नंबरवर गेला असणार, आणि पोचलाही असणार, कारण पोचला नसता तर दुकानात आला असता.

तासाभरानं मुलगी पेटी घेऊन आली. ती जीपमध्ये चढून आतल्या बाजूला बसली. वडिलांनी पेटी टपावर चढवली, दोरी आवळली आणि मी चढायच्या आधी मला दोन पावलं बाजूला घेतलं. जीपकडं पाठ करून बोलले.

‘त्या मंगळवारचं तिला इचारू नका, ताई. मीबी न्हाई इचारलं.’

मी मान हलवली. जीप भरेपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे होते. माझी नोकरी विचारण्याची, स्वभावही तोच. इस्लापूरला गाडी बदलली, हिमायतनगर गेलं, भोकर गेलं, माझ्या शेजारी ती पुस्तक उघडून बसली होती आणि पानं उलटत होती. दोनदा मी तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बाटलीतलं पाणी प्यायले.