शेवाळाच्या वड्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पश्चात्तापानं पोळून सांगतोय, असं मात्र समजू नका.

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. खायच्या समुद्री शेवाळापासून अगर — म्हणजे किराणा दुकानातलं चायना ग्रास — कसं काढतात, ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. हातानं कधी काढलं होतं? कधीच नाही. समुद्र आमच्यापासून तसाही लांबच.

मग विज्ञान प्रदर्शन ठरलं. मंडप, फेटे, उद्घाटनाला पुढारी. फलकावर माझं नाव आणि खाली 'समुद्री शेवाळाच्या शाकाहारी वड्या'. रत्नागिरीच्या मित्रानं वाळकं शेवाळ धाडलं. उकळायला ठेवलं, तर प्रयोगशाळेचा मासळीबाजार झाला. वास घालवायला आमच्याकडे काय करतात? लिंबू पिळतात. मीही सढळ हातानं पिळलं आणि उकळत ठेवलं. आंबटात उकळलं की अगर गोठत नाही, हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं! गाळलेलं पाणी शेवटपर्यंत पाणीच राहिलं.

फलक तर लागला होता. मग बेकरीच्या सामानातलं जिलेटिन आणलं — दूध, साखर, वेलची, फ्रिज — झाल्या वड्या. जिलेटिन कशाचं असतं? जनावरांच्या हाडा-कातड्याचं.

उद्घाटकांचं भाषण लांबलं. उन्हानं वड्यांना घाम फुटला, कडा ढासळल्या. अगर उन्हानं वितळत नाही. हे माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या लक्षात आलं नाही. शिकवलंच तसं होतं. पुढाऱ्यांनी मिटक्या मारल्या. त्यांचं मला आजही काही वाटत नाही.

पण आमच्या समोरच्या घरातल्या विमलकाकूही आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ. त्यात त्या दिवशी एकादशी. बशी हातात घेऊन थांबल्या. "सर, तुमी सांगा. मला ह्ये चालतंय न्हवं?"

सांगता आलं नसतं का? 'खराब झालंय, राहू द्या' — एवढ्यानंही भागलं असतं. पुढारी शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "बिनघोर खा, काकू. समुद्रातली वनस्पती आहे."

"तुमी म्हणताव म्हंजे झालं." त्यांनी वडी कपाळाला लावली आणि खाल्ली. एक नवऱ्यासाठी वाटीत घेतली. तेही माळकरी.

काकू आजही समोरच राहतात. वड्या पुन्हा कधी करताव, म्हणून विचारतात. शेवाळ मिळत नाही, असं मी सांगतो. त्यांचं मन दुखेल म्हणून गप्प बसलो, असं म्हणायला छान आहे. खोटं आहे. त्यांच्या तोंडचं 'सर' मला अजून हवंय.