खालची तबकडी

माझ्या मनगटावरच्या घड्याळाला दोन तबकड्या आहेत. एकाच चौकोनी सोन्याच्या घरात वर एक, खाली एक. आतली यंत्रं वेगळी, किल्ल्या वेगळ्या. परदेशी जाणाऱ्यांसाठी असली घड्याळं करतात. मी परदेशी कधी गेलो नाही. खालची तबकडी कुठल्या देशाची, असं लोक विचारतात. बंद आहे, एवढंच मी सांगतो. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे पुढे कोणी विचारत नाही. आज न विचारता सांगतो आहे.

ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला, तेव्हा मी सचिवालयात होतो. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. दर वर्षी फायलींच्या पेट्यांबरोबर आमचीही उचलबांगडी. प्रवासात चालेल, रोजच्या कचेरीतही शोभेल असं एक भारी घड्याळ घ्यावं, हे तेव्हाच मनात शिरलं. खरं कारण वेगळं होतं. इंदूरकडचे साहेब लोक बाही जरा वर सारून वेळ बघत, आणि माझ्या हाताला सासऱ्यांनी दिलेलं जुनं घड्याळ होतं.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. दरबारात मुहूर्त काढून देणं हे त्यांचं काम. दरबार गेला, काम गेलं, पण नानांनी आपली वेळ सोडली नाही. ग्वाल्हेरला गोरखी भागातल्या आमच्या घरी अंगणात एक शिसवी खुंटी रोवलेली होती. तिची सावली सर्वांत आखूड झाली की ती नानांची दुपार. रेल्वेचं घड्याळ त्याच्या पाव तासाहून थोडं पुढे असे. ही नानांची घरची वेळ. जेवण, संध्या, पाहुण्यांना बोलावणं, सगळं त्या वेळेवर. बाहेरची वेळ ते मनातल्या मनात वजा करून घेत आणि कधी चुकत नसत. पुढे मोतीबिंदू वाढला आणि सावली दिसेनाशी झाली. आकडे डोळ्याला लावून वाचता येतील असं एक मोठं खिशातलं घड्याळ तेवढं राहिलं.

इंदरगंजातल्या घड्याळाच्या दुकानात ते हट्टाने माझ्याबरोबर आले. दुकानदाराने मखमलीवर एक पातळ, देखणं घड्याळ ठेवलं. त्याला एक लाल काटा जास्त होता.

"साहब, एक काँटा यहाँ का, लाल वाला विलायत का. सफ़र में पहनो, दफ़्तर में पहनो."

माझं मन त्यावरच बसलं. बाहीखाली सहज जाईल, रात्री गाडीत आकडे चमकतील. पण नानांनी विचारलं, "हा लाल काटा मिनिटांनी सरकतो का?"

"नहीं पंडितजी, घंटे से. पूरा घंटा."

"मग माझ्या काय कामाचा?"

"नाना, घड्याळ मी घेतोय," मी म्हटलं.

"घे की. पण मला वेळ कोण सांगणार? मला तर आता खुंटी पण दिसत नाही, सावलीचं सोडच."

दुकानदाराने आतून दोन तबकड्यांचं घड्याळ काढलं. जड होतं, मनगटावर कुणी छोटी पेटी बांधावी तसं. दोन्ही तबकड्या हव्या तशा वेगवेगळ्या लावता येत. नानांनी ते डोळ्यांशी नेलं, मग एकेका कानाशी.

"वरची तुझ्या सरकारची, खालची आपल्या घरची. झगडाच नाही."

"पंडितजी, सरकार को मत बताना," दुकानदार हसला.

मला ते आवडलं नव्हतं. पण नानांनी तिथल्या तिथे दंडावरचं दरबारचं कडं उतरवून किमतीपोटी काउंटरवर ठेवलं, आणि मी मनगट पुढे केलं.

त्यानंतर मी ग्वाल्हेरला असलो की सकाळी नाना खिशातलं घड्याळ घेऊन समोर बसत. मी खालची तबकडी वाचायचो, "घरचे सात," आणि ते काटे जुळवायचे. खालचं यंत्र जरा मागे पडत असे. मी वरच्यावरून हिशेब करून ते रोज नीट करायचो. नानांनी कधी खातरजमा केली नाही. करणार कशी? आता त्यांचे डोळे मीच होतो.

एका उन्हाळ्यात नाना इंदूरला राहायला आले. मी साहेबांना आणि कचेरीतल्या दोघातिघांना रात्री आठला जेवायला बोलावलं. नानांनी पानं घेऊ दिली नाहीत. त्यांचे आठ अजून व्हायचे होते. बायको आत-बाहेर करत होती. पाहुणे रिकाम्या पाटांवर बसून राहिले. साहेब हसून म्हणाले, "आपके पिताजी की घड़ी अभी रियासत में ही चल रही है." सगळे हसले. मीही हसलो. ते हसू पुढे कितीतरी दिवस मला टोचत राहिलं.

मग मध्य भारतही मोडला. मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळ ठरली. आम्हाला तिथे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. नाना म्हणाले, "मी ग्वाल्हेर सोडत नाही. तुम्ही जा." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना जोरात आग्रह करायला लागलो. येणार नाहीत अशी खात्री असली की आग्रह करायला काय जातं!

पण माझी मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. "आजोबा, तुम्ही नाही आलात तर मैं भी नहीं जाऊँगी. मुझे नहीं पता."

नाना विरघळले. "बरं बाई, येतो. तिथे ऊन वेगळ्या वेळी डोक्यावर येणार. तुझ्या बापाची खालची तबकडी नव्याने लावून द्यायला हवीच कोणीतरी."

ती टाळ्या पिटत होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. क्वार्टरची पुढची खोली, शेजारी साहेब लोक आणि तिथेही घरचे आठ व्हायची वाट बघणारे पाहुणे, हे सगळं मला मात्र दिसायला लागलं.

गाडीच्या दिवशी निघायला योग चांगला नव्हता. म्हणून नानांनी आपल्या रिवाजाप्रमाणे प्रस्थान ठेवायचं ठरवलं. चांगल्या वेळी गाठोडं घेऊन घराबाहेर पडायचं, दुसऱ्याच्या घरी मुक्काम करायचा आणि तिथूनच प्रवासाला निघायचं. गाठोडं वाटेत सोडायचं नाही, उंबरठ्याकडे परत फिरायचं नाही. किला गेटला माझी थोरली बहीण राहते. तिथे ते दोन दिवस आधी गेले. तिथून टांग्याने थेट स्टेशनवर येणार होते.

प्रस्थानाला निघायच्या सकाळी ते नेहमीप्रमाणे खिशातलं घड्याळ घेऊन समोर बसले. मी खालची तबकडी वाचली. त्यांनी काटे लावले.

त्या सकाळबद्दल बायकोला मी आजवर एवढंच सांगितलं आहे, की खालचं यंत्र मागे पडत होतं आणि सामानाच्या गडबडीत ते नीट करायचं राहून गेलं. ती म्हणाली, अहो, होतं असं. पण तसं झालेलं नव्हतं. आंघोळीला जाण्याआधी मी खालची किल्ली ओढली आणि काटे अर्धा तास मागे घेतले. मग बाहेर येऊन शांतपणे म्हटलं, "घरचे सात."

बहिणीच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं. पण नानांची वेळ त्याच्याशी ताडून बघायचं आमच्या नात्यात सगळ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. तो फरक सगळ्यांना ठाऊक होता, नक्की किती ते कोणालाच नाही. हे मला माहीत होतं. त्याच्याच भरवशावर मी होतो.

दोन दिवसांनी स्टेशनवर सामान चढलं. मुलगी खिडकीतून अर्धी बाहेर.

"अहो, नाना अजून आले नाहीत," बायको म्हणाली.

"येतील."

"मी उतरते. पुढच्या गाडीने आपण सगळेच जाऊ."

"उद्या मला हजर व्हायचंय. आणि नाना वेळ चुकतात का कधी? येतील."

"बाबा, टांगा दिखा क्या?" मुलगी ओरडली.

शिट्टी झाली. मी बाही वर सारली. वरच्या तबकडीवर गाडी सुटायची वेळ भरली होती. खालच्या तबकडीवर नानांच्या हातात अजून अर्धा तास होता. मी दोन्ही तबकड्या नीट पाहिल्या आणि बाही खाली ओढली. गाडी हलली.

पुढचं बहिणीने सांगितलं. तिचे यजमान नानांना लवकर निघा म्हणत होते. नाना म्हणाले, "रेल्वेची वेळ मला शिकवू नका, ती वजा करूनच बसलोय." रिकाम्या फलाटावर त्यांनी हमालाला वेळ विचारली. खिशातलं घड्याळ कानाशी धरलं. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. मग खाली बसले.

"माझंच चुकलं," म्हणाले. "वजाबाकी चुकली."

माझ्यावर त्यांना संशयही आला नाही. दरबारात कधी ज्यांचा क्षण चुकला नाही, त्यांनी त्या दिवसापासून कोणालाही मुहूर्त सांगितला नाही. मुंजीचं विचारायला लोक किला गेटला येत. नाना म्हणत, "आता माझ्या हिशेबावर जाऊ नका." खिशातलं घड्याळ त्यांनी बहिणीच्या कपाटात टाकून दिलं. जेवायला कधी बसायचं तेही तिलाच विचारू लागले.

मी पत्रं पाठवली. क्वार्टरची डागडुजी चालू आहे, थंडी जास्त आहे, उन्हाळ्यात घेऊन जातो. नानांनी एकदाही, कधी नेतोस, असं विचारलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

तेराव्यानंतर बहिणीने एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. प्रस्थानाचं तेच. गाठही तीच.

"आम्हाला सोडू दिलं नाही रे. म्हणायचे, प्रस्थान मोडतं. तू सोड."

"आत काय आहे?"

"मला काय माहीत? अंगावरच्या दोन धोतरांवर दिवस काढले त्यांनी. बाकीचं यातच."

गाठ आवळून बसली होती. ती सोडायला मला वेळ लागला. आत धोतरं होती, उपरणं, पंचांग, आणि नातीच्या जुन्या परकराच्या तुकड्यात गुंडाळलेली अंगणातली शिसवी खुंटी. टोकाला ग्वाल्हेरची माती तशीच होती.

ती आता भोपाळला माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुलगी मोठी झाली. मधे एकदा तिने विचारलं, "बाबा, आजोबा सावली बघायचे ती हीच ना? लावू या अंगणात?" मी नको म्हटलं. का, ते सांगितलं नाही. घड्याळाच्या वरच्या तबकडीला मी रोज सकाळी किल्ली देतो. खालचीला त्या फलाटानंतर दिलेली नाही.

हे लिहून झालं की आधी तिला वाचायला देणार आहे. मग ती खुंटी तिने लावायची की नाही, ते तिनेच ठरवावं.