बाबांच्या हातातली बाटली

पेडण्यात गेम बनवणारी एक स्टार्टअप सुरू झाली आणि मला तिथे चित्रकाराची नोकरी मिळाली. रोज आमच्या मये गावाहून स्कूटरने जायचे. गेम गोव्यातल्या एका गावाचा होता. मी आमचंच गाव काढलं, आणि काजूच्या बागेत काम करणाऱ्या माणसाला माझ्या बाबांचा चेहरा दिला.

गोव्याबाहेरून आलेला मालक चित्र बघून म्हणाला, "याच्या हातात बाटली दे. झिंगलेला दाखव. लोकांना गोवा तसाच हवा असतो."

माझं डोकंच फिरलं. "हे माझे बाबा आहेत. त्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही."

"गेम आहे गं, एवढं काय मनाला लावून घेतेस?"

मी साफ नकार दिला. त्याने दुसऱ्याकडून बदल करून घेतला आणि गेम बाजारात आला. शेजाऱ्याने तो बाबांना मोबाईलवर दाखवला. घरी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "बाय, तो बेवडो मी काय गो?"

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा मालकाच्या टेबलावर आपटला. आता मैत्रिणीबरोबर स्वतःचा गेम बनवते. पैसे गुंतवायला येणारे विचारतात, "यात बीच कुठे आहे? पार्टी कुठे आहे?" मी त्यांना सरळ दरवाजा दाखवते.