चंद्रिकेचा डोळा, बलरामच्या माथी

कांप दे मास्क गावच्या बलरामची मुलगी चंद्रिका विद्यापीठात गेली, तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलं ते बलरामनेच. भाजीची लॉरी घेऊन बाजाराला निघाला की भेटेल त्याला सांगायचा, "आमची पोर चांदावर चालणारी गाडी बांधतेय."

"मग वांगी काय चांदावर विकणार?" लोक विचारत.

"भाव बरा मिळाला तर तिथंही जाऊ," बलराम म्हणे, आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसे.

ही गोष्ट १९८४ची. विद्यापीठातल्या सात मुलांनी आणि एकट्या चंद्रिकेने मिळून क्लब काढला होता. शेजारच्या रेयुनियों बेटावर, ज्वालामुखीच्या जळक्या माळावर, विद्यार्थ्यांची स्पर्धा होणार होती. माणसाने हात न लावता यंत्राने दगडधोंडे चुकवत जायचं, एक दगड उचलायचा आणि परत यायचं. चंद्रावरची जमीन तशीच, म्हणून जागा ती निवडलेली. क्लबचं यंत्र इतकं सावकाश चाले की पोरांनी त्याला नाव दिलं 'कुर्पा'. बेटावरच्या क्रेओल बोलीत कुर्पा म्हणजे गोगलगाय.

कुर्पाच्या मिशा चंद्रिकेने केल्या होत्या. सायकलच्या ब्रेकच्या तारा पुढे काढलेल्या. तार दगडाला टेकून वाकली की आतलं बटण दाबलं जाई, त्या बाजूचं चाक फिरे आणि दुसरं थांबे, की यंत्र आपोआप वळे. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे ढीग रचलेले असतात, त्यांच्यामधून कुर्पाला चालवून बघायला बलरामनेच आपल्या लॉरीतून तिला गावी आणलं होतं. यंत्र पहिल्यांदा दगडाला टेकून वळलं, तेव्हा बलरामने टोपी काढून हातात घेतली होती.

क्लबचा अध्यक्ष होता सुरेंद्र. रोझ हिल शहरातला, बाप सरकारी कचेरीत, जिभेवर फ्रेंच लोण्यासारखं. त्याला नाही म्हणणं कुणालाच जमत नसे. तो आपल्याला आवडतो का, हे चंद्रिकेने स्वतःलाही कधी विचारलं नाही. पण "चंद्रिका, जरा बघ ना" असं तो म्हणाला की तिची तहानभूक हरपे.

स्पर्धा जवळ आली. क्लबच्या खोलीत बॅटऱ्या चार्ज करायच्या नाहीत, असा विद्यापीठाचा सक्त नियम होता. सुरेंद्रने तो बाजूला ठेवला. त्या दिवशी पाऊस आत येतो म्हणून खिडक्याही लावून घेतल्या. सकाळपासून बॅटरी चार्जरवर होती. बाकीची मुलं जेवायला गेलेली. चंद्रिका वाकून मिशीची तार जोडत होती आणि तिच्या तोंडाशेजारी बॅटरी होती. सुरेंद्र घाईत आला आणि चार्जर बंद न करताच त्याने बॅटरीवरचा तारेचा चिमटा ओढला. ठिणगी पडली. बॅटरीतून निघून कोंडलेला वायू भडकला, बॅटरी फुटली आणि आतलं आम्ल चंद्रिकेच्या डोळ्यात उडालं.

सुरेंद्रने तिचं डोकं नळाखाली धरलं. तो रडत होता, हे चंद्रिकेला पक्कं आठवतं. टॅक्सीत मात्र त्याचं रडं थांबलं.

"चंद्रिका, हे इथं झालं असं कळलं तर क्लब आजच बंद करतील," तो म्हणाला. "सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल. तुझ्या घरी लॉरी आहे ना? घरी झालं म्हण. स्पर्धेहून परत आलो की मी स्वतः खरं सांगेन. आईशप्पथ."

डोळ्यात निखारा ठेवल्यासारखं होत होतं. ती "हो" म्हणाली. इस्पितळात नर्सने विचारलं तेव्हाही तिने तेच सांगितलं: घरी, बाबांच्या लॉरीची बॅटरी.

बलराम धावतपळत आला, हाताला अजून भाजीची माती होती. डॉक्टरने त्याला दारातच धरलं. "लॉरीची बॅटरी उघड्यावर ठेवता? पोरीला जवळ जाऊ देता? डावा डोळा गेला तिचा. अक्कल आहे का तुम्हाला?"

बलरामला काही कळेना. लॉरी तर दिवसभर त्याच्यापाशीच बाजारात होती. त्याने खाटेकडे पाहिलं. चंद्रिकेने हात पुढे करून त्याची बोटं घट्ट दाबली. बलराम मान खाली घालून म्हणाला, "चूक झाली, डॉक्टर."

नंतर त्याने तिला एकदाच विचारलं. तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू शब्द दिलायस ना? मग राहू दे."

क्लब रेयुनियोंला गेला आणि स्पर्धेत दुसरा आला. वर्तमानपत्रात फोटो आला, मध्ये सुरेंद्र. परत आल्यावर तो व्हॅनिलाच्या शेंगा घेऊन भेटायला आला. म्हणाला, "थोडं थांब. शिष्यवृत्तीचं चाललंय. आत्ता काही बोललो तर ती हातची जाईल." शिष्यवृत्ती मिळाली. तो फ्रान्सला गेला. दोन पत्रं आली, मग पत्रं थांबली.

चंद्रिका परत वर्गात गेली, पण बारीक तारा जोडताना हात चुकू लागला. एका डोळ्याने अंतर कळेना, डोकं फुटायला येई. वर्ष गेलं, मग तिने शिक्षणच सोडलं. घराच्या ओसरीत ती गावच्या मुलांना गणित शिकवू लागली.

गावाचं तोंड कोण धरणार? "बलरामने पोरीचा डोळा घालवला" हे आधी कुजबुजत, मग उघड बोललं जाऊ लागलं. बाजारात कुणी म्हणे, "चांदावर पाठवणार होता, आंधळी करून बसला." बलराम ऐकून घेई. मोठ्याने हसणं तर केव्हाच गेलं होतं. वर्षभरात त्याने लॉरी विकली. लॉरी दारात दिसली की लोक बोट दाखवत.

चंपाला, म्हणजे चंद्रिकेच्या आईला, सगळं ठाऊक होतं. ती एकदाच बोलली. "तुझ्या क्लबाने तुझा डोळा नेला, आणि तू तुझ्या बापाचं तोंड नेलंस."

१९८८ साली बलराम शेतातच छातीवर हात दाबून खाली बसला, तो उठलाच नाही.

सुरेंद्र तोवर परत येऊन विद्यापीठात शिकवू लागला होता. तेराव्याच्या आधी चंद्रिका त्याला भेटायला गेली. त्याच्या खोलीत नवी मुलं नवं यंत्र जुळवत होती. त्याने त्यांना बाहेर पाठवलं.

"बाबा गेले," चंद्रिका म्हणाली. "तेराव्याला ये. चार माणसांपुढे एवढंच सांग की ते घरी झालं नव्हतं."

सुरेंद्र म्हणाला, "वाईट झालं गं. पण आता सांगून त्यांना काय मिळणार? माझी नोकरी नवी आहे. या पोरांनाही पुढच्या वर्षी स्पर्धेला जायचंय."

"तू आईची शपथ घेतली होतीस."

"मी घाबरलो होतो, चंद्रिका. पण मी तुझ्यावर जबरदस्ती नव्हती केली. तू हो म्हणालीस."

ती उठून बाहेर आली. पोरं पुन्हा आत गेली.

तेराव्याला सगळं गाव जमलं. पंगत बसण्याआधी चंद्रिका अंगणात उभी राहिली. तिने काहीच वगळलं नाही: खोली, बंद खिडक्या, चिमटा, टॅक्सी, सुरेंद्रचं नाव. "माझ्या बाबांचा काही दोष नव्हता," ती म्हणाली. "ते माझ्यासाठी गप्प राहिले."

एकदोन बायकांनी पदराने डोळे टिपले. मग गावच्या सभेचे म्हातारे पंच नंदलाल काका काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बापावर माया असावी तर अशी," ते म्हणाले. "पण पोरी, गेलेल्याचं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या पोराचं नाव घेऊ नये. शिकलासवरला मुलगा आहे तो. बलरामच्या हातून चूक झाली, त्याने ती कबूलही केली होती. आम्ही कधीच माफ केलंय त्याला."

"खरं बोलतेय ती!" चंपा आतून ओरडली.

"हो गं वहिनी, हो," काका हळुवारपणे म्हणाले, आणि बायकांनी चंपाला धरून खाली बसवलं.

पंगत बसली. चंद्रिकेला कुणीतरी भाताचं पातेलं दिलं, आणि ज्यांनी चार वर्षं बलरामला बोल लावले, त्या सगळ्यांना तिने वाकून वाढलं. एकेकजण पानावरून मान वर करून तिच्याकडे कौतुकाने बघत होता.