नुसते बसले होते

नोकरीत शेकडो गुन्हे हाताखालून गेले. बरेचसे विसरलो, काही मुद्दाम विसरलो. पण कनेरगाव नाक्याच्या अलीकडच्या एका गावातली आग अजून डोक्यातून गेलेली नाही. आग फार मोठी नव्हती, पण तो सगळा तपास एका साध्या क्रियापदावर फिरला, आणि ते क्रियापद आजही कुणी उच्चारलं की माझे कान टवकारतात.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हळदीचा हंगाम होता. या दिवसांत ठाण्यात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात: वाळत घातलेली हळद चोरीला गेली, रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला, बांध कोरला. त्या दिवशी दिवेलागणीला ठाणे अंमलदाराकडे फोन आला. "साहेब, आखाडा पेटला. म्हातारी भाजली. लावणारा आमी धरून ठेवलाय."

आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातला गोठा आणि त्याला लागून असलेली खोली. गुन्हा, आरोपी, साक्षीदार सगळं एकाच फोनवर तयार! असा आयता गुन्हा आला की मला आधी शंका यायची, मग मी टोपी घालायचो.

आम्ही पोचलो तेव्हा कडब्याची रास जळून काळी झाली होती. लिंबाच्या झाडाला एक मजूर बांधलेला होता. वय पस्तिशीच्या आसपास, तळहात सोललेले. आखाड्यावरच्या हळदीची राखण आणि वरचं काम तो करायचा. त्याच्यासमोर फडक्यावर चिलीम आणि गांज्याची पुडी मांडून ठेवली होती. शेतमालक गावातला मानाचा माणूस. त्यांनीच फिर्याद दिली.

"गांजेटी हाये साहेब हा. सकाळीच मी त्याला कामावरून झापलं होतं. त्या रागात, नशेत लावली. आगीजवळ नव्हता, तर हात भाजले काहून?"

भाजलेली म्हातारी मालकांची लांबची मावशी होती. आखाड्यावरच राहायची. आग दिसल्यावर ती बैलांची दावी सोडायला आत घुसली. बैलं वाचली. तिला आधी हिंगोलीला आणि तिथून नांदेडला हलवलं. काही दिवसांनी ती गेली, शुद्धीवर न येताच. त्याबरोबर प्रकरणाचा रंग बदलला. रागाच्या भरात आग लावली आणि माणूस मेलं, हे न्यायालयात टिकलं असतं तर तो मजूर कित्येक वर्षं आत गेला असता.

त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन ठाण्यात आली. रडत नव्हती. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, ते ओढतेत. म्या न्हाई म्हणत न्हाई. पण आग त्यांनी न्हाई लावली. माह्या संगं यायला गावातलं एक माणूस तयार न्हाई. तुमीच बघा आता."

साक्षीदार भरपूर होते. मालकांचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र त्या दुपारी आखाड्यावरच होते. मुलाचं म्हणणं स्पष्ट होतं. "तो विहिरीकडं चिलीम ओढून राहिला होता. आमी इकडं बसलो होतो. मग आमी निघून आलो, मागून आग लागली." मित्रांचंही तेच. आम्ही बसलो होतो, आम्ही निघून आलो. जबाब एकमेकांशी बरोबर जुळत होते.

चौकशीची माझी एक पद्धत होती. संशयिताला मी घटना विचारत नसे, पूर्ण दिवस विचारत असे. सकाळी चहा कुठं घेतला इथपासून. खोटं बोलणाऱ्याला घटनेवर पोचायची घाई असते, कारण तेवढंच त्यानं पाठ केलेलं असतं. हा गडी मात्र सकाळच्या भाकरीवरच रेंगाळला. भाजीत मीठ जास्त होतं तेही सांगितलं. मग म्हणाला, कडब्याजवळ ओढायचं नाही अशी मालकांची ताकीद होती, म्हणून तो नेहमी विहिरीवर जायचा. त्या दिवशीही गेला.

"वारं कुठून होतं?" मी विचारलं.

"आखाड्याकडून साहेब. धूर माह्याच अंगावर आला, तवा तर कळलं."

म्हणजे विहिरीवरची ठिणगी वाऱ्याच्या उलट उडून कडब्यात पडायला हवी होती. किंवा त्यानं चालत जाऊन आग लावायला हवी होती, पोरं गेल्या-गेल्या, म्हातारीच्या डोळ्यांदेखत.

"मग विस्तव आला कुठून?"

"चुलीचा असंल."

"कोणती चूल?"

"पोरायची. ते बसले होते न."

"बसले होते म्हणजे?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू साहेबाला मराठीच येत नाही. "बसले होते म्हंजे बसले होते साहेब. कोंबडं होतं. दुपारपासूनच बसले होते."

बाजूला जबाब लिहिणारे हवालदार खुदकन हसले. आणि मग एकदम गंभीर झाले. आता त्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला होता.

"अरे बाबा, हे तू आधी काहून न्हाई सांगितलं?" हवालदारांनीच विचारलं.

"त्यात काय सांगायचं साहेब? नुसते बसले होते. समदेच बसतेत."

माणसाचं गळ्याशी आलं होतं. बायको-लेकरू उघड्यावर पडायची वेळ होती. तरीसुद्धा समोरचे तिघं दारू प्यायलेले होते, ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आपली चिलीम गुन्हा आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यांची बाटली म्हणजे त्याच्या लेखी दुपारचं ऊन, असतंच ते.

मी हवालदारांना विचारलं, "पंचनाम्याच्या वेळी बाटल्या दिसल्या होत्या का?"

"दिसल्या की साहेब. पण बाटल्या काय, कुठंबी पडलेल्या असतात."

हे हवालदार लाच न घेणारे, कामाला चोख. त्यांनी चिलीम पंचांसमक्ष जप्त केली होती, पुडीचं वजन करून सील लावलं होतं, आणि बाटल्या पायानं बाजूला सरकवून पुढं गेले होते. पंचांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पुन्हा जागेवर गेलो. कडब्याच्या राशीला खेटून, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, तीन दगडांची चूल होती. आजूबाजूला पिसं, हाडं आणि त्या सरकवलेल्या बाटल्या. मित्रांपैकी एकाला वेगळं बोलावलं, चहा दिला, आणि सहज विचारल्यासारखा खडा टाकला: "कोंबडं कोणी आणलं होतं रे?"

"मी," तो म्हणाला, आणि जीभ चावली. त्यानंतर त्याला काही विचारावं लागलं नाही.

जाळाला कमी पडलं म्हणून मालकांच्या मुलानं राशीतलाच कडबा ओढून चुलीत घातला होता. वारं सुटलं, रास पेटली. म्हातारी ओरडत होती, "पोरांनो, बैलं सोडा रे!" पण मालकांच्या मुलाला उभंही राहता येत नव्हतं. दोघांनी त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवलं आणि पळाले. विहिरीवरून धावत आला तो गांजेटी. म्हातारीला जळत्या गोठ्यातून ओढून काढलं त्यानं. हात भाजले ते तिथं; तो हे पहिल्यापासून सांगत होता, पण गांजेटीचं बोलणं कुणी खरं धरलं नव्हतं.

मुलानं नंतर सगळं कबूल केलं. फिर्यादीचाच मुलगा आरोपी झाला. मालकांना ठाण्यात बोलावून सांगितलं, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "साहेब, पोरगं वाईट न्हाई हो. त्या दिवशी जरा जास्त झाली त्याला."

"तुमची मावशी गेली."

"व्हय साहेब. पण शुद्धीत असता तर त्यानं असं केलं असतं का?"

मला राग आला, खरं सांगतो. हेच गृहस्थ लिंबाच्या झाडाखाली मला म्हणाले होते, नशेत होता म्हणूनच लावली. नशा तीच, पण एकाच्या बाबतीत पुरावा आणि दुसऱ्याच्या बाबतीत माफी.

मुलावर आणि मित्रांवर निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याचं दोषारोपपत्र गेलं. तिघंही जामिनावर सुटले. मजूर आगीच्या गुन्ह्यातून मोकळा झाला, पण पुडीचा गुन्हा होताच, तो मीच कोर्टात पाठवला आणि त्याला दंड झाला. गांजा चांगला, असं माझं म्हणणं नाही. त्यानं वेडी झालेली तरणी पोरं मी पाहिली आहेत. पण दारूनं मेलेली, मारलेली आणि घरं बुडवलेली माणसं मी त्याहून कितीतरी जास्त पाहिली, आणि त्यांच्या नातेवाइकांनी जबाबात "दारू" हा शब्द क्वचितच वापरला. ते घेत होते. बसत होते. जरा जास्त झाली होती. तिच्यासाठी आपण इतकी मऊ क्रियापदं करून ठेवली आहेत की त्यात माणूस बुडाला तरी आवाज येत नाही. पिणारा माणूस गुरुजी राहतो, मालक राहतो, कुणाचा तरी चांगला पोरगा राहतो. ओढणारा मात्र गांजेटी, त्याला दुसरं नावच नाही. कारण शोधायला लांब जायला नको. बोट दाखवणारा, पंच म्हणून सही करणारा, जबाब लिहिणारा, यांच्यातलं कुणी ना कुणी संध्याकाळी बसणारं असतं. दुकानाला परवाना असतो, वर पाटी असते, वरातीत तिची वेगळी सोय असते. जे आपल्या घरात येतं त्याला आपण व्यसन म्हणत नाही.

निवृत्तीनंतर एकदा वाशीमला जाताना कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो. एक जण पुढं येऊन "रामराम साहेब" म्हणाला. चेहरा आठवेना. त्यानं हात जोडले तेव्हा तळव्यांवरचे व्रण दिसले.

"काय रे, काम आहे का?"

"हाये न साहेब. त्याच मालकाकडं."

मला नवल वाटलं. "अजून ओढतोस?"

"न्हाई साहेब. सोडला. लेकराची आण."

मला मनापासून आनंद झाला. पाठीवर थाप मारली, त्याच्यासाठीही चहा सांगितला. त्यानं कप हातात घेतला, पण लगेच प्यायला नाही.

"सुटून आलो तरी लै दिवस कोणी कामाला बोलावलं न्हाई साहेब. आग म्या न्हाई लावली हे समद्यायला माहीत. तरी गांजेटीच म्हणायचे. मंग गांजा सोडला. आता थोडी घेतो, लोकायसारखी." तो हसला. "बायको कुरकुर करते, पण गावात आता कोणी नाव ठेवत न्हाई. मालकाचं पोरगं सोताहून हाक मारतं. त्याच आखाड्यावर बसतो आमी."